असईहून जांबला, पुस्तकांच्या वाटेने

जालन्याच्या बसस्थानकावर घनसावंगीच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या दोन अनोळखी माणसांचं बोलणं कसं सुरू होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. “कोण्या गावचे पाव्हणे?” गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की “मंग अमक्याचे कोण तुम्ही?” गाडी लागेपर्यंत एकाची मावसबहीण दुसऱ्याच्या चुलत्याच्या घरात दिलेली निघतेच. नाहीच निघाली तर शाळेतला एखादा मास्तर किंवा मोंढ्यातला एखादा आडत्या तरी दोघांच्या ओळखीचा सापडतो. काहीच सापडलं नाही तर दोघंही जरा हिरमुसून गाडीत चढतात.

1929 साली हंगेरीतल्या फ्रिजेश कारिंथी या लेखकाने ‘साखळ्या’ अशा अर्थाच्या नावाची एक छोटी गोष्ट लिहिली. तिच्यातली मंडळी पैज लावतात की जगातल्या कोणत्याही माणसापर्यंत फार तर पाच जणांच्या ओळखीतून पोचता येतं. नमुन्याला घेतात ती एक लेखिका, स्वीडनची सेल्मा लागरलॉफ. तिला नोबेल मिळालेलं, म्हणजे स्वीडनचा राजा तिच्या ओळखीचा. राजा टेनिसचा शौकीन, तो केर्लिंग नावाच्या हंगेरियन खेळाडूशी खेळलेला. आणि केर्लिंग तर निवेदकाचा मित्रच. पुढे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी पत्रं पाठवून या कल्पनेचे प्रयोग केले, गणितज्ञांनी तिची आकडेमोड मांडली. जालन्याच्या बसस्थानकावर ही गोष्ट वाचून दाखवली तर ऐकणारा विचारील, यात गोष्ट कुठे आहे?

पुस्तकांनाही असेच पाव्हणेरावळे असतात. कुणीतरी कच्चा खर्डा वाचून दुरुस्त्या सुचवलेल्या असतात, कुणी रात्री जागून पोथी उतरवून घेतलेली असते, कुणी पुस्तक वाचून इतका चिडलेला असतो की त्या चिडीतून दुसरं पुस्तक तयार होतं. आपल्याकडे वाङ्मयाचा इतिहास शिकवताना यातलं फारसं काही उरत नाही. लेखकाचं नाव, जन्मगाव, ग्रंथसंपदा, पुरस्कार, संपलं. शेतातल्या बुजगावण्यांसारखे लेखक एकेकटे उभे.

जालना जिल्ह्याच्या वाट्याला तर एकच नाव ठेवलेलं आहे. बियाणं, सळई, मोसंबी, ‘जालना सोने का पालना’ ही म्हण, आणि साहित्याचा विषय निघाला की जांबचे समर्थ. नारायण सूर्याजी ठोसर, जन्म 1608, गाव जांब, तालुका घनसावंगी. भाषणात एवढं आलं की जिल्ह्याचा मान राखला गेला. या जिल्ह्यातून सुटलेले धागे कुठवर गेले आणि कसे फिरून आले, हे कुणी विचारत नाही. ते पाहायचे तर सुरुवात जांबला न करता वर भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात करावी लागते, आणि तीही एका लढाईपासून.

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. त्या दिवशी त्याच्याबरोबर रणात तेवीस वर्षांचा एक मुलकी अधिकारी होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. तो हाडाचा वाचक. फारसी, ग्रीक, जे हाती लागेल ते मुक्कामावर वाचणारा. तू चुकून कारकुनीत आलास, तुझा पिंड शिपायाचा, असं वेलस्लीने त्याला म्हटल्याचं चरित्रकार सांगतात. सेनापतीचा अंदाज इथे चुकला म्हणायचा. असईच्या धुळीतून बाहेर पडलेल्या या माणसाने तलवारीपेक्षा पुस्तकांच्याच उलाढाली जास्त केल्या.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने आपल्या हाताखालचा कॅप्टन जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला नेमला. जवळच सज्जनगड, भोवती छत्रपतींची दप्तरं. साताऱ्याच्या त्या मुक्कामात ग्रँट डफने जुने कागद जमवले, नकला करवून घेतल्या आणि मराठ्यांचा इतिहास लिहायला घेतला. त्याला उत्तेजन देणारा आणि त्याचे खर्डे वाचणारा होता एल्फिन्स्टन. 1826 मध्ये लंडनला तीन खंड निघाले. लवकरच कॅप्टन केपनने त्याचा मराठी अनुवाद केला आणि ‘मराठ्यांची बखर’ म्हणून तो इथल्या शाळांत गेला. इंग्रजाने लिहिलेली आपली बखर पोरं घोकू लागली.

पुढची कडी रागाची आहे, आणि ओळखीच्या साखळीत रागाची कडी मैत्रीच्या कडीइतकीच पक्की धरावी. 1867 मध्ये नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्यात ग्रँट डफवर निबंध वाचला. या गृहस्थाने कोणते कागद पाहिले, कोणते पाहिले नाहीत, कुठे घसरला, हे त्याने मुद्द्यांनी दाखवलं. घरातच लिहिण्याचं वळण होतं. त्याचे बंधू विनायक जनार्दन यांनी सहा वर्षं आधी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिलं होतं. कीर्तन्यांच्या टीकेने पुण्यात चर्चा पेटली ती विझली नाही. दहा-अकरा वर्षांनी काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या वर्तुळातून ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक निघालं आणि घराघरांतल्या बखरी छापून येऊ लागल्या. 1898 मध्ये वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले आणि अखेरीस 1926 मध्ये धुळ्यात वारले.

त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव नावाचे वकील होते. त्यांची ‘सत्कार्योत्तेजक सभा’ 1893 ची. देवांनी रामदासी मठ पालथे घातले, बाडं गोळा केली, परांडा तालुक्यातल्या डोमगावला कल्याणस्वामींच्या मठात जपलेली ‘दासबोधा’ची प्रत पाहिली आणि तिच्यावरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रंथ छापला. कल्याण म्हणजे समर्थांच्या तोंडून ऐकून लिहून घेणारा शिष्य. आज घरोघरी वाचला जाणारा ‘दासबोध’ या वाटेने आला आहे. आणि ज्याचा तो ग्रंथ, तो मुलगा जांबचा. असईहून निघालेली साखळी सातारा, लंडन, पुणे, धुळे, डोमगाव असा फेरा घेऊन त्याच जिल्ह्यात परत आली.

दुसरा फेरा आणखी मजेचा आहे, कारण त्यात भांडण घरातलंच आहे.

एल्फिन्स्टन 1827 मध्ये विलायतेला परतला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावे वर्गणी काढून प्राध्यापकांच्या जागा निर्माण केल्या. त्यांतून उभ्या राहिलेल्या एल्फिन्स्टन कॉलेजात 1834 मध्ये पहिले एतद्देशीय असिस्टंट प्रोफेसर झाले ते बाळशास्त्री जांभेकर, ‘दर्पण’वाले. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतीही मिशनऱ्यांकडे राहिला होता. पोर अजाण म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केलं. आता प्रश्न उभा राहिला की परक्या पंक्तीला जेवलेला मुलगा जातीत घ्यायचा की नाही. जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणाले आणि स्वतः सनातन्यांचा रोष ओढवून बसले. त्या धुमाळीनंतर दोनच वर्षांनी, 1845 मध्ये, याच जांभेकरांनी ‘ज्ञानेश्वरी’ शिळाछापावर छापली. पोथीला छापखाना दाखवणारा माणूस आणि पोराला घरचं दार उघडून देणारा माणूस एकच. पुढच्याच वर्षी ते वारले.

आणि थोरला भाऊ? तो आला जालन्याला. पाद्री नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचं गाव वसवलं. एका भावासाठी मुंबईत शास्त्रार्थ झाला, दुसऱ्याने मराठवाड्याच्या माळावर विहिरी पाडून वस्ती उभी केली. ज्या फ्री चर्चच्या शाळांभोवती नारायण शेषाद्री वावरले, तिथलेच विद्यार्थी बाबा पदमनजी. त्यांचं ‘यमुनापर्यटन’ 1857 चं, मराठी कादंबरीचा पहिला पाठ. जालन्याच्या मुलाला परीक्षेत ‘पहिली मराठी कादंबरी कोणती’ हा प्रश्न येतो. ते उत्तर त्याच्या शहराच्या वेशीपासून किती जवळ आहे, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

अर्थात सोयरीक लावण्याची हौस वाढली की घोटाळेही होतात. जुन्या गॅझेटियरप्रमाणे अकबराचा इतिहासकार अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता. तो 1602 मध्ये मारला गेला, समर्थ 1608 चे. सहा वर्षांचं अंतर बुजवून या दोघांची गाठ घालणारा एखादा उत्साही वक्ता उद्या निघाला तर नवल नको. समर्थ आणि शिवाजी महाराज यांची पहिली भेट 1649 ची की 1672 ची, यावर तर शंभराहून अधिक वर्षं शाई सांडते आहे. देवांचा पक्ष आधीच्या सालाचा, दुसऱ्या अभ्यासकांचा नंतरच्या. त्या वादात पुढे जात घुसली, राजकारण घुसलं, आणि मूळ प्रश्न होता एका भेटीच्या तारखेचा, हे विसरलं गेलं. कोण कुणाला भेटला हे पत्रावरून, पोथीवरून, समकालीन नोंदीवरून ठरतं. मनाला बरं वाटतं म्हणून लावलेलं नातं बसस्थानकावर चालतं, इतिहासात चालत नाही.

जुन्या लेखकूंना हे कळत होतं. पोथीच्या शेवटी ते पुष्पिका लिहीत. कोणी लिहिलं, कुठे बसून, कोणत्या शकात, कोणासाठी. लिहून लिहून पाठ आणि मान मोडली आहे, तेव्हा पोथी तेलापाण्यापासून सांभाळा, असं बजावूनही ठेवत. पोथीचा पाव्हणा कोण हे त्या चार ओळींत कळे. छापील पुस्तकात ती जागा पहिल्या कोऱ्या पानाने घेतली. तालुक्याच्या कोणत्याही जुन्या वाचनालयात जाऊन लोखंडी कपाटातलं मागच्या रांगेतलं पुस्तक काढावं. पुठ्ठ्यावर खाकी कागद, आत वाचनालयाचा जांभळा शिक्का, दाखल क्रमांक, आणि निळ्या-काळ्या शाईत ‘सप्रेम भेट’. खाली कुण्या गुरुजींची लफ्फेदार सही, गाव, तारीख. कधी लेखकाचीच सही. कधी समासात पेन्सिलीने लिहिलेलं ‘साफ चूक!’. म्हणजे कीर्तन्यांचे वारसदार परतूर-मंठ्यापर्यंत होते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे, तपासणी आहे. पुस्तक जीर्ण झालं की त्याचं निर्लेखन करण्याची रीतही आहे, आणि जागेची अडचण पाहता ती हवीच. पण निर्लेखनाची यादी मंजूर झाली की गठ्ठा सुतळीने बांधून रद्दीच्या काट्यावर चढतो, आणि त्याबरोबर ते सहीचं पान जातं. मजकूर दुसऱ्या प्रतीत सापडेल. सही सापडणार नाही. 2022 मध्ये जांबच्या राममंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा अख्खा जिल्हा हलला, पोलिसांची पथकं धावली आणि मूर्ती परत मिळाल्या. रद्दीत गेलेल्या पानासाठी पथकं धावावीत असं कुणाचं म्हणणं नाही. गठ्ठा बांधण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर एक फोटो काढायला किती वेळ लागतो, एवढाच प्रश्न आहे.

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांना दरवर्षी प्रकल्प लागतात. त्याच त्या दहा कादंबऱ्यांतल्या ‘ग्रामीण जीवनाच्या चित्रणा’वर शंभर पानं भरण्याऐवजी एका विद्यार्थ्याने एका वाचनालयातल्या भेट आलेल्या पुस्तकांचा माग काढावा. देणारा कोण, कुणाचा विद्यार्थी, कुणाला पत्रं लिहीत होता, ते पुस्तक गावात कुणी कुणी नेलं. प्राध्यापकांना सुरुवातीला हा विषय हलका वाटेल. अंबड-घनसावंगीच्या गावांत चहा पिऊन पिऊन पोट बिघडेल, हा दुसरा धोका. साधन मात्र तयारच आहे. दाखल नोंदवहीत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, खरेदी की देणगी, असे रकाने ओळीने आखलेले असतात. उजवीकडचा शेवटचा रकाना ‘शेरा’. बहुतेक पानांवर तो कोराच आहे.