पेटीची पैसेवारी

सन 2025 चा पावसाळा कोणाहि शेतकरी बंधूस विसरतां येणार नाहीं. मे महिन्यांतच पावसानें सुरुवात केली, 26 मे रोजीं मोसमी पाऊस मुंबईस येऊन पोहोंचला, आणि दिवाळी उलटून गेली तरी त्याचा पाय निघेना. द्राक्षबागांचे व मक्याचे काय हाल झाले तें या मासिकाच्या वाचकांस मीं सांगावयास नको. परंतु परसांतील मधमाश्यांच्या पेट्यांचें त्या वर्षीं काय झालें, याचा पंचनामा कोणी केला नाहीं.

माझ्या परसांत सातेरी माश्यांच्या पांच पेट्या होत्या. दसऱ्याच्या सुमारास त्या उघडल्या, तेव्हां वरच्या मधकोठ्यांत थोडा मध दिसला. वर्षभर कांहींच हातीं लागलें नाहीं, निदान एवढा तरी पदरांत पडावा, म्हणून मीं तो काढून घेतला. सगळा मिळून चार किलोहि भरला नाहीं. पौषांत दोन पेट्या ओस पडल्या. एकींतील माश्या राणीसह उडून गेल्या होत्या. दुसरींत मूठभर माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकीं खुपसून मेलेल्या आढळल्या. शेजाऱ्यांनीं थंडीस बोल लावला. कांहीं दिवस मीहि तसेंच म्हणत असें.

पण थंडी आपल्या जिल्ह्यास नवी नाहीं. डिसेंबर 2018 मध्यें निफाडास पारा 2 अंशांच्या आसपास उतरला होता, आणि त्या हिंवाळ्यांतून माझ्या पेट्या सुखरूप निघाल्या. माश्या पिलाव्याभोंवतीं दाटीनें बसतात, अंग थरथरवून ऊब उत्पन्न करितात, व आंतील उष्णमान 33 ते 35 अंश राखितात. या शेगडीस सरपण मधाचें लागतें. डोकें खुपसून मेलेली माशी ही भुकेची खूण आहे. तिचें सरपण मीं दसऱ्यासच बरणींत भरून ठेविलें होतें.

माझा सारा जन्म महसूल खात्याच्या दप्तरांत गेला. ज्या गांवाची पैसेवारी 50 पैशांहून कमी निघे, त्यास साऱ्यांत सूट मिळे; आणि ती पैसेवारी नुसत्या नजरेनें ठरवावयाची नसे, पीक कापून वजन करून पाहावें लागे. सरकार जें आपल्या रयतेस देतें, तें आपण आपल्या माशीस कां देऊं नये? आश्विन संपतांच प्रत्येक पेटी मागच्या बाजूनें किंचित उचलून तिचें वजन अजमवावें. मग चौकटी काढून माश्यांनीं झांकलेल्या किती व बंद मधाच्या किती, तें लिहून ठेवावें. वर्ष वाईट असेल तर त्या पेटीचा सारा माफ करावा, म्हणजे मधाचा थेंबहि घेऊं नये.

हलक्या पेटीस नुसती सूट पुरत नाहीं, तगाई द्यावी लागते. आठवड्यास 200 ग्रॅम साखर तितक्याच पाण्यांत विरघळवून, दिवेलागणीस, पेटीच्या आंत ठेवावी. सर्व पेट्यांस एकाच सांजेस द्यावी व बाहेर थेंब सांडूं देऊं नये. नाहीं तर सबळ पेटी दुर्बळ पेटीवर दरोडा घालिते. बाजारचा मध मात्र कदापि घालूं नये, त्यांतून रोग येतात. जीं पोळीं माश्यांनीं झांकलेलीं नाहींत तीं काढून घ्यावीं, कारण मेणकिडा तेथेंच घर करितो. रिकामी मधकोठीहि उतरवावी, म्हणजे ऊब वर वायां जाणार नाहीं. तोंड बारीक करावें. गोणपाट पांघरावें, पण हवा कोंडूं नये.

चार चौकटींहून कमी चौकटी झांकणारी वसाहत एकटीनें हिंवाळा काढील, असें मला वाटत नाहीं. तिची राणी काढून, मध्यें वर्तमानपत्राचा बारीक भोंकें पाडलेला कागद घालून, ती दुसरीस जोडावी. माश्या कागद कुरतडतात, तोंवर दोहोंचा वास एक होतो व भांडण होत नाहीं. पांचाच्या तीन झाल्या म्हणून पुष्कळांस वाईट वाटतें. मलाहि वाटलें असतें. आतां वाटत नाहीं.

विलायती ग्रंथांतील बर्फाच्या हिंवाळ्याचे नियम येथें जसेच्या तसे लावूं नयेत, आणि महाबळेश्वरच्या रानांतील फुलोऱ्याचें पंचांगहि निफाड-दिंडोरीच्या बागाइतीस लागू पडत नाहीं. येथें कार्तिकांत द्राक्षांवर फवारणी चालू असते. पेट्या बागेपासून दूर, सकाळचें ऊन लागेल अशा जागीं असाव्या. तूर फुलली म्हणजे थोडा आधार मिळतो, तोहि पावसानें झोडपलेल्या वर्षीं भरंवशाचा नाहीं.

कोणी म्हणेल, पेट्या गेल्या तर गेल्या, डोंगळे फुलावर आले म्हणजे भाड्यानें मिळतात. मिळतात खऱ्या, पण त्या वेळीं सर्वांसच हव्या असतात. कांद्याच्या फुलांत पराग आधीं सुटतो व स्त्रीकेसर मागाहून पक्व होतात, त्यामुळें एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारें कोणी तरी लागतेंच. माघांत हें काम करणारी माशी कार्तिकांतील पिलाव्याच्या पुढची पिढी असते. कार्तिकांत वसाहत उपाशी राहिली तर माघांत पेटी असून नसल्यासारखीच.

उरलेल्या तीन पेट्यांचा मध डोंगळ्यांचा फुलोरा संपेपर्यंत काढावयाचा नाहीं, असें मीं ठरविलें आहे. घरांतून याविषयीं तक्रार आलेली आहे. ती नोंदून घेतली आहे.