एक्सप्लेनर : ‘.२२’ लिहिलेले प्रत्येक काडतूस पिस्तुलात चालते का?
नाही. तिरोड्यातील एखादा नवोदित नेमबाज ४.५ मिमी छर्‍याच्या एअर पिस्तुलावरून २५ मीटर पिस्तूल प्रकाराकडे वळला, तर हा फरक त्याने आधी शिकायला हवा. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, त्या प्रकारात ‘.२२ लाँग रायफल’ काडतूस वापरतात. ‘.२२ मॅग्नम’ वेगळे. त्याची पुंगळी सुमारे ६.१ मिमी जाड, लाँग रायफलची ५.७. मॅग्नमच्या चेंबरमध्ये लाँग रायफल सैल बसते. बार उडताच पुंगळी फाटून गरम वायू नेमबाजाकडे येऊ शकतो. म्हणून नुसता आकडा पाहू नये. बॅरलवर कोरलेले पूर्ण नाव काडतुसाच्या खोक्यावरील नावाशी जुळवावे. शंका असेल तर काडतूस भरूच नये.