ग्रीन बॅन ते नगरपरिषद

१/ ‘पर्यावरणवाद्यांनी आंदोलने करावीत, निवडणुका लढवू नयेत’ हा उपदेश सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा आहे. इतिहासाला धरून नाही.

२/ १९७१. सिडनीतील ‘केलीज बुश’ या झाडीवर घरबांधणीचे संकट आले. स्थानिक महिलांच्या हाकेला जॅक मंडी यांची बांधकाम मजूर संघटना धावली. मजुरांनी कामच नाकारले. ही पहिली ‘ग्रीन बॅन’. झाडी वाचली.

३/ तथापि बहिष्काराने बुलडोझर अडतो. शहराचा आराखडा सभागृहात ठरतो. १९८४ मध्ये मंडी सिडनीच्या नगरपरिषदेवर निवडून गेले.

४/ १९८७ मध्ये राज्य सरकारने ती नगरपरिषदच बरखास्त केली. मतदारांनी दिलेली जागाही अशी हिरावली जाते. म्हणूनच सभागृहात शिरताना रस्ता सोडता कामा नये. आणि रस्त्याच्या पावित्र्यापायी सभागृह बिल्डरांना आंदण देणे तर त्याहून घातक.