चहातील लोह : पाकिटावरचे आणि पेल्यातले

गुळाचा चहा आणि वनौषधींचा चहा ही दोन्ही पेये आता औषधी दुकानांच्या फळ्यांवर स्थिरावली आहेत. माळशिरससारख्या उसाच्या तालुक्यात गुळाच्या चहाचे नवल नाही. आक्षेप आहे तो पाकिटावरील ‘लोहयुक्त’ या शब्दाला. हा शब्द कोणत्या मोजणीवर उभा आहे, हे विक्रेत्याने आणि चिकित्सकाने विचारलेच पाहिजे.

मोजणीचे साधन उपलब्ध आहे. ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या ॲटॉमिक ॲब्झॉर्प्शन पद्धतीत, आम्लात विरघळवलेला नमुना ज्वाळेत फवारतात. लोहाच्या दिव्याचा २४८.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्यातून जाताना किती शोषला गेला, यावरून लोहाचे प्रमाण निघते. मात्र अहवालातील आकडा बहुधा कोरड्या भुकटीचा असतो, आणि रुग्ण भुकटी खात नाही. चहापत्तीतील बहुतेक लोह चोथ्यातच राहते. म्हणून औषधनिर्मात्यांनी गाळलेले पेयही तपासणीस द्यावे. सोबत तेच पाणी, त्याच भांड्यात तितकाच वेळ उकळून, वेगळे पाठवावे. अन्यथा कूपनलिकेचे किंवा लोखंडी कढईचे लोह वनस्पतीच्या नावे जमा व्हायचे!

गुळाचा हिशेब तर घरबसल्या होतो. १०० ग्रॅम गुळात ५ मि.ग्रॅ. लोह धरले, तरी पेल्यातील १० ग्रॅम गुळातून अर्धा मि.ग्रॅ. मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी शिफारस केलेली दैनंदिन मात्रा २९ मि.ग्रॅ. आहे. शिवाय हे अर्धा मि.ग्रॅ. तरी अंगी लागते का? दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या स्त्रियांवरील, १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पावाबरोबर चहा घेतल्यावर लोहाचे शोषण सुमारे एकतृतीयांशावर आले होते. चहातील कषायद्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. अर्जुनसाल किंवा हिरडा घातलेल्या ‘चहां’बाबतही हाच विचार करावा लागेल. यंत्र एकूण लोह मोजते; शोषणाविषयी ते काही सांगत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. अशा रुग्णेने औषधाऐवजी या पाकिटावर विसंबणे परवडणारे नाही.

आपल्या व्यवसायाला या यंत्राची आठवण होते ती आरोप झाल्यावरच. २००४ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकाने बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध केले. निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. त्या वेळी ‘यंत्र केवळ मूलद्रव्य मोजते, भस्माचे स्वरूप जाणत नाही’ असा युक्तिवाद आपल्याकडून झाला. तो सर्वस्वी चुकीचा नव्हे. पण मग तेच यंत्र दाखवील तो लोहाचा आकडा जाहिरातीसाठी निमूट स्वीकारणे कोणत्या न्यायाने?

पांडुरोगात नवायस लोह व मंडूरकल्प आपण योजतोच. त्यांचे अनुपान सांगताना चहाचा स्पष्ट निषेध करावा, आणि औषध व चहा यांत किमान तासाचे अंतर ठेवण्याची सूचना पुडीवरच लिहून द्यावी.