शेकरूचे रक्त, आजींचा अहवाल
भीमाशंकरच्या अरण्यातला शेकरू, आपला राज्यप्राणी, हा खारीच्या कुळातील कृंतक. अशा वन्य जिवाचे रक्त तपासायचे तर त्याला पकडावे लागते, आणि नुसत्या भयानेही रक्तशर्करा चढते. म्हणून पशुवैद्य आकड्याशेजारी वय, वजन आणि नमुना कसा घेतला हेही नोंदवतात. संभाजीनगरातील आमच्या ज्येष्ठांच्या अहवालात मात्र घरचे लोक ठळक छापलेले आकडेच तेवढे पाहतात! वास्तविक ‘सामान्य मर्यादा’ शंभर निरोगी माणसांपैकी साधारण ९५ जणांना सामावते. उरलेले पाच आजारी नसतात. उलट, स्नायू झिजलेल्या आजींचे क्रिएटिनिन मर्यादेत दिसूनही मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असू शकते. सांधेदुखीची गोळी रोजची करण्यापूर्वी, वय धरून काढलेला ‘ईजीएफआर’ किती, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.