रंग घरच्या भिंतीवर निवडा

हिंगोलीत दसरा जवळ आला की घरोघरी रंगकाम निघते. शेड कार्ड चाळता चाळता बहुतेकांचे बोट शेवटी दोन फिकट रंगांवर थांबते, एक मलईकडे झुकणारा आणि दुसरा राखाडीकडे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. माझी कळकळीची विनंती आहे, तिथे उभ्या उभ्या ठरवू नका. ही भिंत पुढची काही वर्षे तुम्हालाच पाहायची आहे.

पांढऱ्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक रंगात पिवळी, गुलाबी, हिरवी नाहीतर राखाडी झाक असते. पट्टी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा, झाक लगेच कळेल. मोबाइलवरच्या फोटोवर मात्र विसंबू नका.

मग दोन्ही रंगांचे लहान डबे आणा. जुन्या रंगावर थेट लावू नका, आधी पांढरा प्रायमर मारा. दोन फूट लांबी-रुंदीचे तुकडे, दोन-दोन हात, एकमेकांपासून थोडे दूर. खिडकीसमोरच्या भिंतीवरही लावा आणि अंधाऱ्या कोपऱ्यातही. इमल्शन वाळल्यावर बहुधा गडद होते, त्यामुळे ओल्या रंगावर मत बनवू नका.

खरा फरक उजेड पाडतो. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसे येत नाही, म्हणून तिथे राखाडी झाक थंड, कधी मळकट वाटते, मलई बरी. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळचे पिवळे ऊन भिंतीवर पडते आणि मलई आणखी पिवळी होते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर ती डोळ्यांना जड वाटते. तिथे मी राखाडीच सुचवेन. शहाबादी फरशी असेल तर तिचीही राखट छाया भिंतीच्या खालच्या भागावर येते, तेही पाहा. रात्री दिवे लावून पुन्हा बघा: ६५०० केल्विनचा एलईडी निळसर असतो, ३००० चा पिवळसर. म्हणून दिवे आधी ठरवा, रंग नंतर.

भिंतीत पावसाळ्याची ओल असेल तर ती सुकेपर्यंत थांबा.

रंग ठरला की कंपनी आणि कोड क्रमांक वहीत लिहून ठेवा. लागेल तेवढा रंग एकदमच घ्या आणि डबे एकत्र मिसळून घ्या, कारण वेगवेगळ्या दिवशी मशीनवर केलेल्या रंगांत किंचित फरक पडू शकतो. तरीही कमी पडलाच, तर नवा डबा भिंतीच्या मधोमध सुरू करू नका; कोपऱ्यापासून पूर्ण भिंत घ्या.