हिशेब बरोबर, न्याय चुकीचा

डेटा सायन्स, म्हणजेच विदाविज्ञान, या विषयाच्या प्रवेशासाठी मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून सध्या जी झुंबड उडते, तिचे आम्हांस वावडे नाही. तरुणांनी नव्या विद्येकडे वळावे हे योग्यच होय. परंतु कर्ज कोणास द्यावे, नोकरीस कोणास बोलवावे, सरकारी साहाय्यास पात्र कोण आणि लबाड कोण, हे ठरविणारी यंत्रणा उद्या ज्यांच्या हातून घडणार, त्यांस नीतीचे शिक्षण कोण देणार? पालक हा प्रश्न विचारीत नाहीत. विद्यापीठेही पुरेशा गांभीर्याने विचारीत नाहीत.

नीती घरी शिकावी, महाविद्यालयाने गणित शिकवावे, असे पुष्कळ सज्जनांचे म्हणणे असते. पण येथे केवळ सज्जनपणा पुरत नाही. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका वैद्यकीय गणनपद्धतीची तपासणी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अधिक देखभालीची गरज कोणत्या रुग्णास आहे, हे त्या पद्धतीने ठरवावयाचे होते. तीत वंशाचा रकानाच नव्हता. मात्र आजाराऐवजी उपचारांवरील खर्च मोजलेला होता. कृष्णवर्णीयांवर मुळात खर्चच कमी होत असल्यामुळे, गोऱ्यांइतकेच गुण मिळालेले कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यक्षात त्यांच्याहून अधिक आजारी होते. हा दोष काढला, तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा १७.७ वरून ४६.५ वर जाईल, असे संशोधकांस आढळले. बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती; काय मोजावे, याची निवड चुकली होती.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येईल काय? आपल्याकडील एखाद्या दुर्गम पाड्यावरील स्त्री रुग्णालयापर्यंत पोहोचलीच नाही, तर तिच्या नावापुढे खर्च शून्य दिसेल. म्हणून ती निरोगी समजावयाची की काय?

नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या अनुदानातील लबाडी हुडकण्यासाठी करखात्याने जी यंत्रणा वापरली, तीत परकीय नागरिकत्व हा संशयाचा एक निकष होता. हजारो आईबापांवर खोटे आळ आले, परतफेडीच्या मागण्यांनी ते कर्जात बुडाले, आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला. मंत्रिमंडळ गेले; परंतु मोडलेले संसार काही त्यामुळे सावरले नाहीत.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. कायदा हवाच. तथापि तो बहुधा अन्याय घडून गेल्यावर जागा होतो. रकाना निवडतानाच हात थबकावा, हे काम शिक्षणाचे आहे.

त्यासाठी शेवटच्या सत्रात नीतिशास्त्राची एक प्रश्नपत्रिका वाढवावी, हा उपाय आम्हांस मान्य नाही. विद्यार्थी दहा तत्त्वे पाठ करतील, गुण मिळवतील आणि विसरतील. हार्वर्ड विद्यापीठाने २०१७ पासून निराळी वाट धरली. तेथे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक संगणकशास्त्राच्या नेहमीच्या वर्गांत येऊन त्या त्या विषयातील नैतिक प्रश्न शिकवितात. आपल्याही अनेक विद्यापीठांत हे दोन्ही विभाग आहेत. त्यांनी एकमेकांच्या वर्गांत जाण्यास फारसा पैसा लागत नाही.

त्याचबरोबर प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या वहीत चार प्रश्नांची उत्तरे सक्तीची करावीत. ही माहिती कोणाची आणि कोणत्या कामासाठी घेतलेली? तीत कोण गैरहजर आहे? यंत्र चुकले तर फटका कोणास बसेल? त्याने दाद कोठे मागावी? या उत्तरांवाचून, प्रोग्रॅम कितीही सुरळीत चालला तरी, विद्यार्थ्यास उत्तीर्ण करू नये.

अभ्यासक्रम आधीच फुगला आहे, शिक्षक अपुरे आहेत, ही अडचण खरी आहे. परंतु शरीररचना पूर्ण शिकविली आणि रुग्णाची संमती घेण्यास शिकवावयाचे राहिले, तर त्यास आपण वैद्यकाचे शिक्षण म्हणू काय? नोकरीच्या पहिल्याच वर्षी 'साहेब, हा रकाना कशासाठी?' असे वरिष्ठांना विचारावयास धैर्य लागते. आणि तो प्रश्न सुचावयास ज्ञान लागते. धैर्य ज्याचे त्याने आणावे. ज्ञान देणे विद्यापीठांचे कर्तव्य आहे. अभ्यासमंडळांनी येत्या शैक्षणिक वर्षापासूनच त्यास आरंभ करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.